मुलींना सायकली दिल्या, पण महामार्ग ओलांडायचा कुठून?

प्रति,
मा. संपादक

विषय : महामार्गावरील फाट्यांवर सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलांची सुरक्षितता

महोदय,

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून २३ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. ज्या मोजक्या सरकारी योजनांचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो, त्यांपैकी ही एक आहे, असे माध्यमिक शाळेत आयुष्य घालवलेला शिक्षक म्हणून मी खात्रीने म्हणेन. जिथे एसटी पोहोचत नाही त्या वस्त्या-तांड्यांवरच्या मुली पूर्वी सातवीनंतर घरी बसत. आता त्या दहावीच्या बाकांवर दिसतात. मात्र याच काळात मराठवाड्यातले प्रमुख रस्ते एकामागून एक चौपदरी झाले. धुळ्याहून छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिवमार्गे सोलापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ हा त्यांतलाच एक, आणि हे पत्र मुख्यतः त्याच्या कडेच्या गावांकडे पाहून लिहीत आहे. रस्ता झाला याबद्दल तक्रार नाही; बीडहून संभाजीनगरच्या दवाखान्यात रुग्ण न्यावा लागलेल्या कोणालाही त्याचे मोल सांगावे लागणार नाही. तक्रार एवढीच आहे की, शासनाच्या एका खात्याने मुलीच्या हाती सायकल दिली, दुसऱ्या खात्याने तिचे घर आणि तिची शाळा यांच्या मधून ताशी शंभर किलोमीटर वेगाचा रस्ता नेला, आणि या दोघांची कधी गाठ पडली असावी, असे फाट्यावर उभे राहिल्यावर तरी वाटत नाही.

वेगाचा आकडा मी फुगवून सांगत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मर्यादेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना ताशी १०० आणि मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटर वेगाची मुभा आहे. आता साधे गणित करून पाहावे. एका बाजूचे दोन पदर सात मीटरचे. त्याला कडेची डांबरी पट्टी जोडली की सुमारे नऊ मीटर अंतर होते. कॅरिअरला दप्तर लावलेली सायकल हाताने ढकलत तेवढे अंतर कापायला तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात शंभरच्या वेगातली मोटार दोनशे मीटरहून अधिक पुढे येते. म्हणजे पाऊल टाकताना त्या मुलीला दोनशे मीटरपलीकडची गाडी दिसली पाहिजे, तिचा वेग ताडता आला पाहिजे, आणि त्या गाडीच्या आडून दुसरी पुढे काढत नाही ना, हेही कळले पाहिजे. मोठ्या माणसांचाही हा अंदाज चुकतो.

प्रत्यक्षात दोनशे मीटर दिसतच नाहीत. फाट्याच्या अगदी तोंडाशी एसटीचा थांबा, त्याला लागून वडापच्या गाड्या, त्यापुढे हॉटेलाशी उभे असलेले मालट्रक, अशी भिंतच उभी असते. ती ओलांडून मुली दुभाजकापर्यंत पोहोचल्या की पुढे कण्हेर. समोरच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून दुभाजकात कण्हेर लावतात, ते योग्यच आहे. पण ती छाटली नाही तर पुरुषभर उंच होते आणि ज्या कटमधून माणसे रस्ता ओलांडतात, नेमक्या त्याच ठिकाणी दोन्ही बाजूंची दृष्टी अडवते. मालट्रकच्या चालकाला उंचावरून थोडे तरी दिसते. कण्हेरीमागे उभ्या असलेल्या मुलीला काहीच दिसत नाही, म्हणून ती सायकलचे पुढचे चाक रस्त्यावर काढून मान पुढे करते. गावठाणाजवळ जिथे दुभाजक जेमतेम दीड मीटर रुंद आहे, तिथे तर आणखी एक अडचण आहे. सायकलची लांबी त्याहून जास्त, पावणेदोन मीटरच्या आसपास असते. मधोमध थांबलेल्या सायकलचे एक चाक कुठल्या ना कुठल्या बाजूला वाहतुकीत राहतेच. मुलींनी यावर आपापला उपाय शोधला आहे : दुभाजकावर आल्या की त्या सायकल आडवी फिरवून दुभाजकाला समांतर धरतात, पोटाशी आवळून उभ्या राहतात आणि मोकळीक दिसली की पुन्हा वळवून पळतात. मागे चौघी-पाच जणी असतील तर तेवढी जागाही उरत नाही आणि शेवटची मुलगी मागच्या पदरातच अडकते. हे दृश्य शाळा भरताना आणि सुटताना कोणत्याही अधिकाऱ्याला पाहता येईल. त्यासाठी कोणी सल्लागार नेमण्याची गरज नाही.

अशा ठिकाणी एखादा मोठा अपघात झाला की नेहमीचा उपाय म्हणजे कट बंद करणे. काँक्रीटचे ठोकळे आणून ठेवले जातात आणि पुढचा भुयारी मार्ग दोन किलोमीटरवर आहे, तो वापरा, असे ग्रामस्थांना सांगितले जाते. दोन किलोमीटर जायचे आणि पलीकडून तेवढेच परत यायचे, म्हणजे जाताना चार आणि येताना चार. तीन किलोमीटरवरची शाळा सात किलोमीटरवर जाते, आणि ज्या पाच किलोमीटरच्या अटीवर सायकल मिळाली, ती अटच मोडीत निघते. सेवा रस्ता सलग असता तर हेही निभावले असते. पण तो प्रत्येक मोरीपाशी आणि नाल्याच्या पुलापाशी संपतो आणि सायकलस्वाराला मुख्य रस्त्यावर आणून सोडतो. मग लोक विरुद्ध दिशेने कडेकडेने जातात, किंवा रात्रीतून ठोकळे बाजूला सारतात. त्यानंतर रस्ता सुरक्षा सप्ताहात शाळेत येऊन ‘विरुद्ध दिशेने सायकल चालवू नका’ असे भाषण होते. भाषण चुकीचे नसते. फक्त ज्या मुलीला उद्देशून ते केले जाते, तिच्यापुढे योग्य दिशेचा रस्ता कुणी ठेवलेला नसतो.

गतिरोधकांचे तर आणखी नवल आहे. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकता येत नाहीत, असे उत्तर मिळते, आणि वेगाचा विचार करता ते पटण्यासारखे आहे. पण मग गतिरोधक टाकले जातात ते गावाकडून येणाऱ्या जोडरस्त्यावर. म्हणजे ताशी दहा-बारा किलोमीटरने येणारी सायकल आणि बैलगाडी आणखी हळू होते आणि महामार्गावरची मोटार आहे त्याच वेगात राहते. फाट्याच्या आधी महामार्गावर खडखडाट करणाऱ्या पांढऱ्या आडव्या पट्ट्या, वेग टिपणारा कॅमेरा, रात्री पुरेसा उजेड, हे सगळे नियमात बसणारे आहे आणि अनेक ठिकाणी केलेलेही आहे.

पादचारी पुलाचा उपाय सायकलस्वारांसाठी उपाय नव्हेच. जिना चढायचा तर अठरा-वीस किलोची सायकल खांद्यावर घ्यावी लागते. भुयारी मार्ग हाच खरा मार्ग आहे, पण तो वापरण्याजोगा हवा. आपल्याकडचे अनेक भुयारी मार्ग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल घेतलेले असतात, पावसाळ्यात त्यांत गुडघाभर पाणी साचते, ओसरल्यावर गाळ राहतो, आणि दिवे असले तरी लागत नाहीत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जादा तासाला थांबलेली मुलगी एकटीने त्या अंधारातून जाणार नाही, आणि तिने जावे असे मीही तिला सांगणार नाही.

चांगले बांधता येत नाही अशातला भाग नाही. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ चौपदरी करताना वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग बांधले गेले. त्यांतल्या एकाची लांबी ७५० मीटर आहे. बांधल्यानंतर कॅमेरे लावून कोणते प्राणी तिथून ये-जा करतात, याची नोंद ठेवली गेली, आणि वाघही त्या मार्गांनी जाताना टिपले गेले. हे व्हायलाच हवे होते आणि त्याचा अभिमानही वाटतो. पण महामार्गाखालून जाणाऱ्या वाघांची मोजदाद आपण करू शकतो, तर महामार्गावरून जाणाऱ्या मुलींची करायला काय हरकत आहे?

माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा इथेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या व्याख्येनुसार, राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण ‘अपघातप्रवण क्षेत्र’ ठरते. दुरुस्तीचा प्राधान्यक्रम या यादीवरून लागतो. ज्या पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावरचे भीषण अपघात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात, तिथे लक्ष जाते, बैठका होतात. आमच्यासारख्या फाट्याचे तसे नाही. ओलांडणे धोक्याचे आहे हे कळल्यावर पालक मुलीला पाठवणेच थांबवतात. कुणी मामाच्या गावी ठेवते, कुणी सायकल धाकट्या भावाला देते, कुणी लग्न ठरवते. मुली ओलांडतच नाहीत, म्हणून अपघात होत नाही, आणि अपघात नाही म्हणून कागदोपत्री ते ठिकाण सुरक्षित ठरते. या पद्धतीत प्रेते मोजली जातात. भीतीने घरी बसलेल्या मुली कोणत्याच रकान्यात येत नाहीत. शाळेचे हजेरीपत्रक मात्र ही गोष्ट दाखवते. महामार्गाच्या अलीकडच्या वस्तीतल्या किती मुली आठवीत आल्या आणि दहावीपर्यंत किती टिकल्या, पलीकडच्या वस्तीतल्या किती टिकल्या, ही तुलना कोणताही मुख्याध्यापक एका दुपारी करू शकतो.

यात उसाच्या हंगामाची भर पडते. गळीत सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र फाट्यांवर वळतात. ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो, मागे ना दिवा असतो ना परावर्तक, आणि डावीकडे वळताना दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा आतून, कडेला चिकटून येते. कडेने चाललेल्या सायकलस्वाराला ट्रॅक्टर पुढे गेल्यासारखा वाटतो आणि तो निर्धास्त होतो. चालकाला तर मागचे काही दिसत नसतेच. शिवाय गाण्यांचा आवाज असा की हाकही ऐकू जाऊ नये. कारखान्यांनी ठरवले तर गव्हाणीशी येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी आहे की नाही, हे वजनकाट्यावरच पाहता येईल. पट्टी नसेल तर ट्रॉली मागे. एवढे एक बंधन चार दिवसांत सगळ्यांना शिस्त लावील.

कायदा अपुरा आहे असेही म्हणता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९८अ आले, ज्यानुसार रस्त्याचे आरेखन, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीने कलम १३८ मध्ये पोटकलम १अ घातले गेले. सायकलसारखी बिगरयांत्रिक वाहने आणि पादचारी यांच्या राष्ट्रीय महामार्गावरील वावराबाबत नियम करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. माझी भीती वेगळी आहे. ‘सायकलींना महामार्गावर बंदी’ असा एका ओळीचा नियम करून मोकळे होणे सर्वांत सोपे असते. द्रुतगती मार्गांवर ती बंदी योग्यच आहे, कारण तिथे गावचे रस्ते खालून-वरून स्वतंत्र काढलेले असतात. जिथे गावचा रस्ता थेट महामार्गावर येऊन मिळतो, तिथे बंदीचा अर्थ शाळेवर बंदी असा होईल.

म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीला शिक्षणाधिकाऱ्यांना नियमितपणे बोलवावे आणि ज्या शाळांच्या मुलांना राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग ओलांडावा लागतो, त्या शाळांची यादी त्यांच्याकडून घ्यावी, ही विनंती. त्या यादीतल्या प्रत्येक फाट्यावर एक आठवडा सकाळ-संध्याकाळ रस्ता ओलांडणाऱ्या सायकली मोजाव्यात आणि भुयारी मार्गांचा क्रम त्या संख्येवरून व शाळेतल्या गळतीवरून लावावा, केवळ मृत्यूंच्या आकड्यावरून नव्हे. भुयारी मार्गाला वर्षे लागतील, हे मी समजून आहे. तोवर कटच्या दोन्ही बाजूंची कण्हेर शंभर मीटरपर्यंत गुडघ्याएवढी छाटणे, थांबा फाट्याच्या तोंडापासून पुढे सरकवणे, दुभाजकात सायकल आडवी न फिरवता उभी राहील एवढी जागा मोकळी करणे, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा-अर्धा तास गृहरक्षक दलाचा जवान नेमणे, यासाठी निविदेची वाट पाहावी लागू नये. यातली कण्हेर छाटणे आणि जवान नेमणे ही दोन कामे तरी यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावीत.

शाळांची अशी यादी तयार झाली, तर ती आपल्या दैनिकाने तालुकावार प्रसिद्ध करावी. आपल्या गावाचे नाव तीत आहे की नाही, हे पालक स्वतःच पाहतील आणि राहिले असेल तर ग्रामसभेत ठराव करून कळवतील.

आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
जि. बीड