दाजीपूरची ती घार नव्हे, काळा गरुड

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात दाजीपूरच्या जंगलावरील लेखासोबत आपण एका पक्ष्याचे देखणे छायाचित्र छापले आणि त्याखाली 'रानावर घिरट्या घालणारी घार' अशी ओळ दिली. छायाचित्राला तोड नाही, ओळ मात्र चुकली आहे. तो पक्षी घार नसून काळा गरुड आहे. चूक किरकोळ वाटेल, परंतु या एका शब्दामुळे पुढे काय घडते ते मी स्वतः पाहिले असल्याने पत्र थोडे लांबवीत आहे.

घार कोल्हापूरकराला परकी नाही. रंकाळ्यावर आणि मटणाच्या दुकानांवर ती रोज घिरट्या घालते आणि तिची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. आपल्या छायाचित्रातील पक्ष्याची शेपटी लांब, अखंड आणि फिकट आडव्या पट्ट्यांची आहे. त्याचे पंख अंगालगत निमुळते असून पुढे रुंद होत गेले आहेत, आणि टोकाची पिसे हाताची बोटे पसरावीत तशी फाकलेली आहेत. चोचीचे मूळ व पावले पिवळीधमक, बाकी सारे अंग काळे. चोचीपासून शेपटीपर्यंत हा पक्षी सुमारे ७० ते ८० सेंटिमीटर भरतो आणि पसरलेल्या पंखांची रुंदी दीड मीटरच्याही पुढे जाते. आपल्याकडे गरुड म्हटले की अंबाबाईच्या देवळातला गरुड मंडप आठवतो. जिवंत गरुड, दाजीपूर ज्याचा भाग आहे त्या राधानगरीच्या रानात राहतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

या पक्ष्याची खरी नवलाई त्याच्या शिकारीत आहे. इतर गरुड उंचावरून सावज हेरून झडप घालतात. काळा गरुड झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ चाटून, पंख किंचित वर उचललेले ठेवून इतक्या संथपणे तरंगत जातो, की तो आता खाली पडेल असे वाटावे. अंगाच्या वजनाच्या मानाने पंखांचा पसारा मोठा असल्यामुळेच त्याला हा संथपणा साधतो. तो शोधत असतो पाखरांची घरटी. त्याच्या पायाची रचनाही याच कामाला साजेशी आहे: बाहेरचे बोट आखूड, आतल्या बोटाची नखी विलक्षण लांब, आणि सर्वच नख्या इतर गरुडांच्या मानाने कमी वळलेल्या. त्यामुळे पानांच्या दाटीतून अंडी किंवा पिल्ले अलगद उचलता येतात. कधी कधी तर तो अख्खे घरटेच उचलून नेतो आणि उडता उडता त्यात काय आहे ते तपासतो. सरडे, उंदीर, वटवाघळे आणि प्रसंगी शेकरूही तो खातो. तो दरीत उतरला की बुलबुल आणि कोतवाल एकच कालवा करतात. आमच्यासारखे लोक अनेकदा त्या कालव्यावरूनच मान वर करतात.

पाखरांची पिल्ले खाणाऱ्या पक्ष्याचे कौतुक कशाला, असा प्रश्न एका परिचिताने मला विचारला होता. बुलबुलाचे घरटे लुटले गेले तर तो त्याच हंगामात पुन्हा घरटे बांधतो. गरुडाची जोडी मात्र एका विणीत एक किंवा दोनच अंडी घालते, तीही बहुधा जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान. उतारावरच्या, दरीकडे तोंड असलेल्या उंच झाडावर काटक्यांचे तीन-चार फूट रुंदीचे घरटे असते आणि तेच घरटे वर्षानुवर्षे पुन्हा वापरले जाते. त्याआधी ही जोडी आकाशात जे खेळ करते ते एकदा तरी पाहावेत: पंख मिटून सरळ खाली सूर, आणि तळाशी वळण घेऊन पुन्हा उभ्या रेषेत वर.

डच पक्षिशास्त्रज्ञ टेमिंक यांनी १८२२ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले. सह्याद्री, श्रीलंका आणि हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियातील बेटांपर्यंत तो आढळतो. पण कुठेही झाला तरी त्याला सलग, दाट रान लागते. आपल्या जिल्ह्यात असे रान अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या सदाहरित पट्ट्यात टिकून आहे. दाजीपूर अभयारण्य १९५८ मध्ये गव्यांसाठी जाहीर झाले आणि राधानगरी अभयारण्याचा २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. परंतु गरुडाला अभयारण्याची हद्द कळत नाही. घाटमाथ्यावरच्या मालकीच्या रानातही उंच झाडे आहेत, आणि तोड तिथेच होते.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका मालकीच्या रानात फेब्रुवारी महिन्यात आम्ही काही मित्रांनी या गरुडाचे वापरातले घरटे पाहिले. झाडावर तोडीची खूण होती. संबंधित कार्यालयात जाऊन सांगितले तेव्हा 'घारीचे घरटे दिसते, घारी काय कुठेही घरटे करतात' असे उत्तर मिळाले. लेखी अर्ज देऊन पोच घेतली. दहा दिवसांनी गेलो तर तेथे बुंधा तेवढा उरला होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटे विस्कटणेही येते, आणि काळा गरुड त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे. मालकाचा दोष मी काढत नाही. परवाना त्याच्या हातात होता. तो देण्यापूर्वी कोणी झाडावर नजर टाकली असती, आणि तिथे बसलेल्या पक्ष्याला घार म्हटले नसते, तर निदान पावसाळ्यापर्यंत ते झाड उभे राहिले असते.

म्हणून दोन विनंत्या. छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती पुढील अंकात ठळकपणे छापावी. तसेच ते छायाचित्र कोणत्या महिन्यात टिपले हे छायाचित्रकाराकडून समजल्यास तेही द्यावे. जानेवारी ते एप्रिलमधले असेल तर जवळपास घरटे असण्याचा संभव आहे, आणि तसे असल्यास नेमकी जागा मात्र छापू नये, ती वनविभागालाच कळवावी.

आपला,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर