इन्स्पेक्शनच्या आधी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

युनिटचं वार्षिक इन्स्पेक्शन आलंय आणि जवानांची कंपनी पहिल्यांदाच तुझ्या हाती आहे, म्हणून लिहितोय. दगडांना चुना-गेरू लावायला माणसं जुंपली असतील. लावू दे. पण 'फिट फॉर वॉर' हा शेरा त्यावर मिळू नये.

आधी एमटीत, म्हणजे गाड्यांच्या विभागात जा. रजिस्टर मिटून ठेव, ताडपत्र्या काढायला लाव. महिनोन्महिने उभ्या गाडीचं टायर एका बाजूला बसतं, कडेला बारीक चिरा पडतात. कागदावर मात्र ती गाडी 'ऑन रोड'च असते. पूर्ण माल भरून लांब पळवायला सांग. रेडिओ सेट रात्रभर चालू ठेव आणि पहाटे कोणता बोलतो ते स्वतः ऐक. बीपीईटीच्या, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या चाचणीच्या 5 किलोमीटरला नेहमीची चपळ पोरं पुढे करतात. तू लंगरच्या कुकला आणि क्लार्कलाही पळव. रजा, कोर्स, बाहेरची ड्यूटी वजा जाता आज रात्री ट्रकमध्ये किती जण चढतील, तो आकडा तुला तोंडपाठ हवा.

2001 च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमचा हुकूम निघाला. मथुरा, अंबाला, भोपाळच्या स्ट्राइक कोअरना, म्हणजे चढाई करणाऱ्या मोठ्या दलांना, सीमेवर सज्ज व्हायला जवळपास तीन आठवडे लागले. जवान कमी पडले नव्हते. फौज लांब होती आणि पसारा अवाढव्य. तेवढ्यात 12 जानेवारीला पाकिस्तानच्या मुशर्रफ यांचं भाषण झालं, आणि आपल्या हल्ल्याची वेळ निघून गेली. आम्ही सीमेवर महिनोन्महिने बसून राहिलो. ती हुरहुर अजून जात नाही.

2017 च्या कॅगच्या अहवालात दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकार युद्धात दहा दिवससुद्धा पुरणार नाहीत, असं आलं होतं. वाचून काळजात धस्स झालं. तरी ते कुणीतरी लिहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. लपवलेली कमतरता कोण भरून काढणार?

तुझ्याकडेही काही कमी निघालं तर तसंच लिहून सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांकडे दे. इन्स्पेक्शनपुरत्या बॅटऱ्या शेजारच्या युनिटकडून उसन्या आणू, असं कुणीतरी सुचवेलच. आमच्या वेळीही सुचवायचे. आणू नकोस. पोरांना त्याच सेटवर लढायचंय.

सीओ साहेबांची परवानगी घे, सीनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांना विश्वासात घे आणि कंपनीला न सांगता एका रात्री दोन वाजता स्टँड-टू, म्हणजे ताबडतोब सज्ज व्हायचा हुकूम दे. शेवटची गाडी गेटबाहेर पडायला किती वेळ लागला, ते कळव.

आईच्या गुडघ्याला आता आराम आहे.

तुझे,
आप्पा