'या' भागात म्हणजे कोणत्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या बुधवारी मानेवाड्यात आमच्याकडे सकाळी नळच आला नाही. मला वाटलं पाइपलाइन फुटली असेल, तर बायको म्हणे, अहो बातमी होती ना, रात्री तुम्हीच तर मोबाईल घेऊन बसले होते. तुमच्या अ‍ॅपवरची ती बातमी मी उघडली होती, वाचलीही होती असं मी छातीठोक सांगितलं असतं. परत काढून पाहिली तर 'नागरिकांना कळविण्यात येते की' पासून सुरुवात, मग कोणती टाकी, कोणता व्हॉल्व्ह, कोणते साहेब काय म्हणाले, आणि पार खाली वीस-पंचवीस वस्त्यांच्या रांगेत मधोमध आमचा मानेवाडा. बाबांनी हेच पेपरात बरोबर वाचलं होतं (ते अजूनही ओळीवर बोट धरून वाचतात), पण त्यांना वाटलं घरात सगळ्यांना माहीत असेल.

आता तुम्ही म्हणाल, नीट वाचायचं ना भाऊ. पण स्क्रीनवर माणूस असंच वाचतो. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी १९९७ मध्येच लिहून ठेवलं की त्यांच्या टेस्टमधले ७९ टक्के लोक नवीन वेबपेज नुसतं चाळत होते, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. तेव्हा कुठे होता स्मार्टफोन आणि कुठे रील, त्यामुळे उगाच आजच्या पोरांवर खापर फोडू नका. पुढे २००६ मध्ये त्यांनी २३२ लोकांच्या नजरेचा माग काढला तर तो इंग्रजी एफसारखा निघाला, म्हणजे वरची ओळ बरीचशी, त्याखालची थोडी कमी, आणि मग नजर डाव्या कडेने सरळ खाली. तसंही डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो, एकेका जागी जेमतेम पाव सेकंद टेकतो. त्या डाव्या कडेला तुम्ही काय ठेवलंय, तर 'तसेच', 'दरम्यान', 'सदर'. मग मानेवाडा दिसणार कसा?

त्यात आपल्या मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजी मजकुरात गावाचं नाव मोठ्या अक्षरामुळे लगेच डोळ्यात भरतं, आपल्याकडे सक्करदरा काय नि 'सकाळपासून' काय, सगळे एका शिरोरेषेखाली सारखेच दिसतात. म्हणून वस्त्यांची नावं ठळक करा, एका ओळीत एकच, आणि बातमीच्या सगळ्यात वर, वार-वेळेसकट. साहेब खाली गेले तर चालतील, त्यांच्याकडे टँकर येतो.

आणि मथळ्याचं तर काय सांगू, 'नागपूरच्या या भागात उद्या पाणी नाही'. या म्हणजे कोणत्या बापा? लोकांनी क्लिक करावं म्हणून तुम्ही हे करून राहिले ते कळतं आम्हाला, पण निदान पाण्याच्या बातमीत तरी नको. नावं मथळ्याखालीच दिसली आणि आम्ही बातमी उघडलीच नाही तर तुमचा एक क्लिक जाईल, आमचा ड्रम तरी भरलेला राहील.

आपला एक वाचक,
मानेवाडा, नागपूर