मरीन ड्राइव्ह ते माहीम : मनःपूर्वक आभार

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या सरावासाठी मरीन ड्राइव्हवरून माहीमपर्यंत जाऊन परतण्याची लांब धाव, ऐन डिसेंबरात वैशाखासारखे ऊन असतानाही, मी पूर्ण करू शकले ती वाटेतल्या अनोळखी माणसांमुळे. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, आणि घामावाटे गेलेले मीठ नुसत्या पाण्याने भरून निघत नाही. हे ओळखून शिवाजी पार्कजवळ मीठ घातलेले लिंबूपाणी देणाऱ्या आणि पैसे ठामपणे नाकारणाऱ्या मावशी, वरळीला डोक्यावर पाणी ओतणारे काका, आणि पेडर रोडच्या चढावर, जिथे माझे पाय खरोखर थांबले होते, स्वतःचा वेग सोडून माझ्यासोबत चालत आलेली धावपटू तरुणी, या सर्वांची मी अंतःकरणापासून ऋणी आहे.