गिटारच्या तारा बसवून देणाऱ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या अण्णांना

प्रिय अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे माहिती आहे, त्यामुळं हे तुमच्या नातवानं वाचून दाखवायचं आणि तुम्ही मधेच "बरं बरं, पुरे" न म्हणता शेवटपर्यंत ऐकायचं. तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही "जा की गप" म्हणता आणि लेथ चालू करता, मग त्या आवाजात माणसानं बोलायचं कसं? म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांच्या घरात गिटार आहे त्यांच्या पण कामाला येईल.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. अण्णा उद्यमनगरात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंडाचे पार्ट करणारे. माझी गिटार साधीच, स्टीलच्या तारांची अकूस्टिक, पण किती महिने झाले सुरात म्हणून राहत नव्हती. ट्यूनर (सूर बरोबर हाय का दाखवणारं यंत्र) लावून सहाच्या सहा तारा बरोबर करायच्या, एखादं गाणं होतंय तोवर बी नावाची तार खाली, ती लावली की जी, आणि ह्या दोघी जाग्यावर आल्या की परत बी. रंकाळ्यावर बसलो की पोरं म्हणायची ह्याचं ट्यूनिंग हाच मेन कार्यक्रम हाय, गाणं मधल्या वेळात. बरं, तारा जुन्या म्हणाव्यात तर तसं पण नाही, शहरातल्या एका दुकानातनं नव्या बसवून आणलेल्या, आणि तिथंच परत नेऊन दाखवली तर म्हणाले कीज (तारा पिळायच्या खुंट्या) गेल्यात, आतला गिअर झिजलाय, अख्खा सेट बदलायला लागेल. आकडा ऐकला आणि गिटार कपाटावर ठेवून दिली.

तुमच्याकडं आलो ते खरं तर तो गिअर करून मिळतो का एवढंच विचारायला. उद्यमनगरात ऑइल इंजिन होतं, पंप होतात, कसले कसले पार्ट होतात, मग बोटाच्या पेराएवढा गिअर व्हायला काय अडचण असं मला वाटलेलं. तुम्ही हात पुसले, गिटार घेतली, उलटी केली, एक की थोडी मागं-पुढं फिरवून बघितली आणि विचारलं, "सगळ्या तारा मिळून उतरत्यात का एकटी एकटी?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं! मी म्हटलं एकेकच, आणि ती पण गाणं चालू असताना, एकदम.

"मग हवेचं न्हाई हे. लाकूड फुगलं-आटलं तर सगळ्या मिळून हलतील, हळूहळू. हितं कायतरी सरकतंय."

मी म्हटलं तेच की, की सरकतीय. तर तुम्ही म्हणाला ती कशी सरकंल लेका, वर्म हाय तो. मग शांतपणे दाखवलं, कीच्या दांड्याला बारका स्क्रू असतो, त्याच्यावर दातांचं चाक बसतं, स्क्रू चाकाला फिरवतो पण चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. की 14 वेळा फिरवली तेव्हा तार गुंडाळायचा खांब एकदा फिरला, ते पण मोजून दाखवलं. तार वरनं कितीबी ओढू दे, खांब आपणहून मागं यायचा नाही. तुमच्या भजनी मंडळाच्या वीणेची गोष्ट वेगळी, तिथं लाकडाची खुंटी लाकडाच्या भोकात नुसती दाबून बसवलेली, नंदवाळच्या दिंडीत आषाढातला पाऊस लागला की ती एकतर आवळून बसते नाहीतर सुटते, तिथं खुंटीवर संशय घेणं बरोबर. इथं स्क्रू असताना खुंटीला धरायचं कारण नाही, हे तुमचं म्हणणं.

मला काय ते एकदम पटलं नाही, दुकानदाराचं डोक्यात बसलेलं. तुम्ही वाद घातला नाही, नुसता मार्कर काढला. बोल्ट आवळून झाल्यावर तुम्ही लोक नटावरनं खाली जी रेघ मारता, पुढं कधी हलला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून, तीच रेघ सहाही खांबांवर मारली, खांबाच्या डोक्यावरनं सरळ शेजारच्या लाकडापर्यंत. म्हणाला घरी जा, सुरात लाव, वाजव, उतरली की रेघ बघ आणि मग माझ्याशी भांड. त्याच रात्री बघितलं. बी चांगलीच खाली आलेली, ट्यूनर लाल दाखवतोय, आणि रेघ जिथल्या तिथं, केसभर पण तुटलेली नाही. माझे कीजचे सगळे पैसे त्या रेघेनं वाचवले. कुणी तुम्हाला कीज बदला म्हणालं तर आधी ही रेघ मारून बघा, पुसता येणारा मार्कर घ्या म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कारखाना बंद व्हायच्या वेळेला बोलावलं आणि सगळं उघडलं. पातळ तारांचे खांबावर एवढाले वेढे, ते पण एकमेकांवर चढलेले, म्हणजे ताण आला की वरचा वेढा खालच्या दोघांच्या मधे रुतणार, तेवढी तार ढिली पडणार आणि सूर उतरणार. जाड ईचा हिशोब उलटा, तिला जेमतेम एक वेढा. मग तुम्ही टूलबॉक्समधला दांड्याचा छोटा आरसा साउंडहोलमधनं, म्हणजे गिटारच्या पोटाच्या गोल भोकातनं, आत घातला, मोबाईलचा टॉर्च मारला आणि मला म्हणाला बघ. तारेच्या टोकाला जी पितळी गोळी असते ती आतल्या लाकडी पट्टीला खालनं टेकून बसायला पाहिजे, तर दोन तारांची गोळी बिचारी पिनच्या (तार भोकात अडकवून धरणाऱ्या खुंटीच्या) टोकावर अडकून राहिलेली. तार ओढली जाईल तशी ती घसरत जागा शोधणार आणि वर आपण की पिळत बसणार. पुढच्या बाजूचे षटकोनी नट पण दोन ठिकाणी बोटानं फिरत होते, ते 10 च्या पान्यानं नुसते टेकवले, "आवळायचं न्हाई, खाली लाकूड हाय."

नवीन सेट मी घेऊनच आलेलो, 12 ते 53 चा. पाकिटावर 0.012 वाचलं आणि तुमच्यातला टर्नर जागा झाला, मायक्रोमीटर काढून तार मोजली, बरोबर 12 थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.30 मिमी, आणि "माल बरोबर दिलाय" असा दाखला मिळाला. जाड तारांवर फॉस्फर ब्राँझ लिहिलेलं बघून तर तुम्ही हसायलाच लागला, आरं हे तर आमचं बुशचं मटेरियल (बुश म्हणजे मशीनचा दांडा ज्यात फिरतो ती नळी). आत स्टीलची तार आणि वरनं तांबं-कथलाचा वेढा, एवढं सांगितल्यावर तुम्ही तो वेढा नखानं खरवडून पण बघितला. सहा तारांचा ताण मिळून 70 किलोच्या आसपास जातो म्हटलं तर गिटारच्या पोटाकडं बघून म्हणाला, "म्हणजे एक माणूस लोंबकळतोय की ह्या फळीला!" आणि तिथनं पुढं एका वेळी एकच तार काढायची असा हुकूम निघाला. सगळ्या एकदम काढल्या तरी थोड्या वेळात काय बिघडत नाही आणि फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची फळी) पुसायला ते बरंच पडतं असं माझं मत अजून आहे, पण तुमच्यासमोर बोलायची हिंमत कुणाची.

आता तार बसवायची रीत, ही अण्णांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांनी वाचा. गोळीच्या वरचा भाग अगदी थोडा वाकवायचा, तार भोकात सोडायची, पिन खाचेचं तोंड साउंडहोलकडं करून हलकी बसवायची, आणि पिनवर अंगठा दाबून धरून तार वर ओढायची, आत गोळी पट्टीला टेकली की हाताला कळतं, मग पिन वर यायचं नाव घेत नाही. खांबाच्या भोकातनं तार घातली की खांबाच्या पुढं साधारण 5 सेंटीमीटर तार जास्तीची राहील एवढी ढील ठेवायची, जाड तारांना दोन-तीन वेढे पुरतात, पातळ तारांना तीन-चार लागतात म्हणून त्यांना थोडी जास्त. पहिला वेढा तारेच्या टोकाच्या वरनं आणि बाकीचे त्याच्या खालनं, म्हणजे टोक मधे चिमटीत सापडतं, आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली, चढवायचा नाही. आणि जाड तार आधी काटकोनात मोडायची मग कापायची, सरळ तशीच कापली तर वरचा ब्राँझचा वेढा सैल पडू शकतो आणि तार कायमची मुकी होते.

मग ताणायचं काम. सुरात लावायची, बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास बोटानं धरून हळूच वर उचलायची, दोन-चार जागी असं करायचं, सूर उतरतोच, परत लावायचा, परत ओढायची, असं उतरायचं थांबेपर्यंत. हिसका द्यायचा नाही, पातळ ई तुटून डोळ्याकडं येते. मला वाटायचं ह्यात तार लांब होत असणार, तुम्ही म्हणाला लांब कसली होतीय, वेढे बसाल्यात आणि गोळी बसालीय.

एवढं करून पण जी नखरे करत होती. की फिरवली तरी ट्यूनरचा काटा हलत नाही आणि मग अचानक "टिंग" करून उडी मारतो. तुम्ही लगेच नटवर बोट ठेवलं, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला खाचांची पांढरी पट्टी असते ती. तार खाचेत धरून बसते, पलीकडं ताण साठतो आणि सुटला की उडी. नातवाच्या कंपासमधली पेन्सिल आणवली, तार बाजूला घेऊन खाचेत चार वेळा शिसं घासलं, ग्रॅफाइट म्हणजे कोरडं वंगण, तेल घातलं तर धूळ धरतं. (बाळा, ती पेन्सिल माझ्याकडंच राहिलीय, नवीन आणून देतो.)

पण अण्णा, खरं शिकलो ते लेथपाशी. सूर वर गेला की सगळे करतात तसं मी पण की उलटी फिरवून खाली आणायचो, काटा हिरव्यात आला की थांबायचो. तुम्ही मला क्रॉस स्लाइडचं, म्हणजे लेथवर टूल मागं-पुढं सरकवायचं, चाक धरायला लावलं. पुढं फिरवलं तर टूल पुढं जातं, आता मागं फिरव म्हणाला, तर चाकावरचं माप सरकतंय आणि टूल आहे तिथंच! आट्यांमधला प्ले, म्हणजे मोकळी जागा, संपेपर्यंत काहीच हलत नाही. म्हणून माप पुढं गेलं तर टर्नर तेवढंच मागं घेत नाही, चांगलं मागं नेतो आणि परत पुढनं येऊन मापावर थांबतो. कीचा पण हिशोब तोच. वरनं खाली येऊन थांबलं तर दातांमधला तो प्ले तसाच ढिला राहतो, एखादा जोरात बेंड मारला (वाजवताना बोटानं तार आडवी ओढली) की तो निघतो आणि तार खाली येते. खाली उतरायचं, सुराच्या बरंच खाली, आणि खालनं चढत येऊन थांबायचं. गिटारवाले पण हेच सांगतात, मी कितीदा ऐकलेलं, पण का ते कुणी हातात चाक देऊन दाखवलं नव्हतं.

परवा मंडळाच्या कार्यक्रमात सुरुवातीला एकदा ट्यूनर लावला, मधे एकदा नुसतं तपासलं, बाकी हात लावला नाही. कीज त्याच, जुन्याच. खर्च एका सेटचा.

पावसाळ्याची तेवढी तुम्ही आधीच कल्पना दिलेली आणि ती पण खरी निघाली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटाच्या इशारा पातळीकडं चालली की आमच्या घरात भिंतीला हात लावला तरी ओला होतो, त्या दिवसांत गिटार काढली की सहाही तारा थोड्या थोड्या चढलेल्या, लाकडानं पाणी पिऊन पोट फुगवलेलं. पण मिळून चढल्या म्हटल्यावर घाबरलो नाही, हे हवेचं. 45 ते 55 टक्के आर्द्रता गिटारला मानवते म्हणतात, कोल्हापूरच्या जुलैत ती आणायची कुठनं! गिटारची केस (पेटी) बंद ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, बिल मागितलं तर म्हणाला तुझ्या बापाकडनं वसूल करतो. बाबांना विचारलं, अजून तुम्ही काही बोलला नाही असं म्हणतात. दिवसभर मशीनवर उभं राहून संध्याकाळी घरी जायच्या वेळेला दुसऱ्याच्या पोराच्या गिटारला एवढा वेळ द्यायचा, आणि ते पण गिटार स्वतः कधी वाजवलेली नसताना, हे कोण करतं सांगा. मनापासून आभार, अण्णा. काकूंचे पण, त्या दिवशी तुमचं जेवण थांबलं ते माझ्यामुळं.

तुमचा,
गल्लीतला गिटारवाला

ता. क. एक मित्र त्याची गिटार घेऊन रविवारी येतो म्हणतोय. क्लासिकल आहे, नायलॉनच्या तारांची, तिच्यात पिना नसतात, तार ब्रिजलाच (पोटावरच्या लाकडी पट्टीला) गाठ मारून बांधतात आणि नायलॉन खरंच लांबतं, बरेच दिवस. मी त्याला सांगितलंय की अण्णांचं काम स्क्रू आणि गिअरचं, गाठीचं नाही, पण त्यानं ऐकलं नाही. सकाळी 10 ला चालेल का तेवढं नातवाकरवी कळवा.