शिकणाऱ्यांना हटवू नका, शेजारी कोण बसलंय ते तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकच्या इंदिरानगर आणि सिडकोच्या वसाहतींमधून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना सकाळी बंदी करावी, अशी मागणी करणारं एका वाचकांचं पत्र गेल्या आठवड्यात आपण छापलंत. या गाड्या रस्त्यात मध्येच बंद पडतात, फिरायला निघालेल्या ज्येष्ठांना त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं. अशाच एका गाडीत मी डावीकडच्या सीटवर बसते. सिडकोत राहते आणि बायकांना गाडी शिकवते, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

गाड्या बंद पडतात हे खरं. पण सकाळी साडेसहाला राणेनगरच्या गल्लीत गाडी बंद पडली, तर मागच्या दूधवाल्याचा थोडा खोळंबा होतो, एवढंच. तीच बाई गल्लीत न शिकता थेट संध्याकाळी इंदिरानगर बोगद्याच्या तोंडाशी अडकली, तर काय होईल ते पत्रलेखकांनीच सांगावं. आणि बंदी घातली म्हणून शिकणारे थांबणार नाहीत. आमच्या गाडीतून उतरून ते घरच्या गाडीत बसतील.

माझी खरी काळजी तिथे आहे. आमच्या गाडीत माझ्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो, कायद्यानेच तो असावा लागतो. नवी शिकणारी घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबते. हे पहिल्या आठवड्यात हमखास होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अशा वेळी गाडी माझ्या पायाने थांबते. घरच्या गाडीत शेजारी बसलेला नवरा काय करणार? ओरडणार. तो ओरडला की ही आणखी दचकते आणि पाय तिथेच दाबून धरते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी "आधी ह्यांनी शिकवलं होतं" असं सांगत येतात. त्यांची पहिल्या काही दिवसांची शिकवणी ती भीती घालवण्यातच जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या तिसऱ्या नियमात शिकणाऱ्यासाठी तीन अटी आहेत. शिकाऊ परवाना हवा. गाडीत त्या प्रकारच्या वाहनाचा पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. गाडीला पुढे आणि मागे एल हवा. पहिली आणि तिसरी अट बहुतेकांना ठाऊक असते. मधल्या अटीचा अर्थ मात्र 'सोबतीला कुणीतरी' असा घेतला जातो. पुढे बारावीतला भाचा, मागे सासूबाई आणि मांडीवर बाळ, अशी सोबत घेऊन निघालेल्या शिकाऊ गाड्या मी पाथर्डी फाट्याच्या बाजूला पाहिल्या आहेत. कायद्याला सोबत नकोय, गाडी थांबवू शकेल असा माणूस हवाय.

घरी शिकवूच नये असं मी म्हणत नाही. सगळ्यांना क्लासची फी परवडत नाही आणि क्लास संपल्यावर सराव घरच्याच गाडीवर होतो. पण निदान दोन सीटच्या मध्ये दांड्याचा हँडब्रेक असलेली गाडी घ्या. नव्या महागड्या गाड्यांत दांड्याच्या जागी बटण आलंय आणि ऐनवेळी ते खुद्द मालकालाही सापडत नाही. शिकवणाऱ्याने हात दांड्याजवळ ठेवावा आणि मोबाइल खिशात.

आता एलबद्दल. पाटी पांढरी आणि किमान १८ सेंटिमीटर चौरस असावी, त्यावर लाल एल किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद असावा, इतकं बारकाईने नियमात लिहिलं आहे. ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतं ते तळहाताएवढं स्टिकर. काही ठिकाणी नुसतं लाल अक्षर थेट काळसर काचेवर चिकटवतात, मागे पांढरा रंग नाहीच. ते दिसेपर्यंत मागचा स्कूटरवाला बंपरला लागलेला असतो. याच्या उलट तऱ्हा म्हणजे पक्कं लायसन हातात येऊन दोन पावसाळे गेले तरी एल काचेवर तसाच. आमच्या धंद्यातल्या गाड्यांचं तर विचारूच नका. मालक त्याच गाडीतून एलसकट बाजाराला जातो, वर सिग्नलही तोडतो. मग त्या अक्षरावर कुणी का विश्वास ठेवावा? एल बघून अंतर ठेवणारा चालक मला क्वचित भेटतो. हॉर्न देऊन डावीकडून घुसणारे रोज भेटतात.

धंद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, आणि त्याच कारणाने या पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. नियमाप्रमाणे खासगी कार शिकवायची तर शिकवणी किमान २१ दिवसांची हवी आणि प्रत्यक्ष स्टेअरिंग हातात असण्याचा वेळ किमान १० तास. बऱ्याच ठिकाणी रोज वीस मिनिटं देतात. २१ दिवस वीस मिनिटं म्हणजे ७ तास. त्यातही एकाच फेरीत तिघी बसवतात, एक चालवते आणि दोघी 'बघून शिकतात'. बघून पोळी लाटता येते का? रोज अर्धा तास दिला की साडेदहा तास होतात, हिशोब अवघड नाही. अवघड आहे ते इंधनाच्या खर्चात बसवणं, कारण समोरचा क्लास कमी फी सांगून गिऱ्हाईक पळवतो. पत्रलेखकांना तक्रारच करायची असेल तर इथे करावी. फी भरताना 'मला एकूण किती तास गाडी मिळणार' हा प्रश्न प्रत्येकीने विचारला तरी पुष्कळ फरक पडेल.

२०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळतो. सोय चांगली आहे, पेठ रोडच्या आरटीओचा एक हेलपाटा वाचतो. पण आरटीओच्या दारातला एजंट निदान "ताई, एल लावा बरं का" एवढं तरी बोलायचा. आता मोबाइलवर परवाना आला की गाडी थेट गंगापूर रोडला. हा परवाना ६ महिने चालतो आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. हे ३० दिवस सरावासाठी आहेत. बरेचजण ते तारखेची वाट बघण्यात घालवतात आणि चाचणीच्या आधीच्या दिवशी मला फोन करतात.

दुचाकीचं थोडक्यात. शिकाऊ परवान्यावर मागे शिकवणारा सोडून कुणालाही बसवता येत नाही, मैत्रिणीलाही नाही. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा असतो. शोरूममधल्या नेहमीच्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. म्हणजे कॉलेज रोडच्या क्लासबाहेर अकरावीच्या मुलांनी लावलेल्या स्कूटर त्या परवान्यात बसतच नाहीत. अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. मुलाकडे त्याच गाडीचा शिकाऊ किंवा पक्का परवाना असेल तर पालक यातून सुटतात. 'लर्निंग आहे ना त्याच्याकडे' म्हणून निश्चिंत असलेल्या आईबाबांनी तो कागद एकदा नीट वाचावा.

वाहतूक पोलीस आणि महापालिकेने मिळून प्रत्येक भागात सकाळी आठपर्यंत सरावाचे दोन-तीन रस्ते ठरवून द्यावेत आणि तशी पाटी लावावी. म्हणजे फिरणाऱ्यांनाही कळेल की आज कुठून जायचं नाही. शाळांच्या रिक्षा आणि बस सुरू झाल्या की आम्ही तिथून बाहेर पडू. एखादं मोकळं मैदानही द्या, पण मैदानावर फक्त गिअर आणि स्टेअरिंग शिकता येतं. मध्येच थांबणारी रिक्षा, उलट्या दिशेने येणारा डिलिव्हरीवाला आणि मधोमध बसलेली गाय मैदानावर भेटत नाहीत. आज माझ्याकडे शिकणाऱ्या बायका २०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावच्या गाड्यांच्या गर्दीतून द्वारका चौक ओलांडणार आहेत. त्यांनी रस्त्यावरच शिकलं पाहिजे.

आणि पोलिसांनी एल लावलेल्या गाड्या थांबवाव्यात, जरूर थांबवाव्यात. शिकणाऱ्याचा परवाना बघून झाला की शेजारच्याचाही मागावा. क्लासची गाडी असेल तर खाली वाकून डावीकडचा ब्रेक आहे का आणि तो लागतो का, तेही बघावं. माझी गाडी थांबवली तरी हरकत नाही. फक्त चढावर हात दाखवू नका, माझ्या सध्याच्या तुकडीला अजून हाफ क्लच जमत नाही.

आपली,
एक मोटार प्रशिक्षिका, सिडको, नाशिक