‘नाशिकला काय मिळाले?’ या चौकटीत आणखी दोन रकाने हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘नाशिकला काय मिळाले?’ ही चौकट हमखास असते. मी ती कापून ठेवते. सरकारी लेखाशाखेत नोकरी झाली, त्यातून लागलेली खोड आहे, घरचे हसतात. या कात्रणांत फेब्रुवारी २०२१चे एक आहे, केंद्राच्या अर्थसंकल्पाचे : नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी. द्वारका चौकातल्या कोंडीत अडकले की मला ते हटकून आठवते. त्या मेट्रोचा एक खांबही अजून शहरात उभा नाही.

घोषणा झाली म्हणजे तरतूद झाली असे नाही. तरतूद झाली तरी वितरण व्हावे लागते आणि वितरणानंतर खर्च. आमच्या शाखेत ‘तरतूद आहे, पण बीडीएस नाही’ हे वाक्य वर्षभर ऐकू यायचे. म्हणजे पुस्तकात पैसे आहेत, पण निधी वितरणाची ‘बीडीएस’ पावती निघालेली नसल्याने बिल कोषागारात घालता येत नाही. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम निधी सुटायचा आणि रात्री उशिरापर्यंत बिले लिहिली जायची. पेपरातली चौकट मात्र पहिल्या पायरीवरच थांबते.

राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ रोजी मांडला गेला. आकार ७,००,०२० कोटी. सात लाख कोटींचा टप्पा ओलांडला म्हणून मथळे झाले. त्याच कागदपत्रांत महसुली तूट (चालू खर्च चालू जमेपेक्षा जितका जास्त तेवढी) ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट (कर्ज काढून भरायची एकूण तूट) १,३६,२३५ कोटी दाखवली आहे. आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात महसुली तूट २०,०५१ कोटी अंदाजली होती. सरकारची बाजूही सांगायला हवी : राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आतच आहे, आणि वर्षअखेरीचे अंदाजित ९.३२ लाख कोटींचे कर्जही उत्पन्नाच्या प्रमाणात अनेक राज्यांपेक्षा कमी आहे. कर्जाचा डोंगर वगैरे ओरड मला पटत नाही. मला खटकते ते वेगळेच. महसुली तुटीला राजकोषीय तुटीने भागले तर काढलेल्या कर्जाचा साधारण तिसरा हिस्सा रस्ते-धरणांकडे न जाता पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने अशा चालू खर्चात जातो. (माझी पेन्शनही त्यातच आली, हे मान्य.)

त्याहून मोठा मुद्दा पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितल्या जाणाऱ्या जादा निधीचा. जुलैच्या अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये नागपूरला ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. बेरीज १,३२,७९५ कोटी, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या जवळजवळ एकोणीस टक्के. हा सगळा नवा खर्च नव्हे. त्यात लेखाशीर्षांची (हिशेबातल्या खात्यांची) फिरवाफिरव असते, केंद्राकडून मिळणारा निधी असतो. जुलैच्या मागण्यांचा निव्वळ भार ४०,६४५ कोटींच्या आसपास होता. अतिवृष्टीची मदत मार्चमध्ये कोणालाच ठाऊक नसते, तीही डिसेंबरात आली. पण लाडकी बहीण योजनेचे काय? किती बहिणींना दरमहा दीड हजार द्यायचे, हे मार्चमध्ये माहीत असते. तरी मार्चमध्ये ३६,००० कोटी धरले आणि डिसेंबरात सहा हजार कोटींवर आणखी मागितले. योजना असावी की नसावी हा वाद मी घालत नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येकींच्या घरी त्या पैशाने गॅस येतो. पण तिचा पूर्ण आकडा मार्चमध्येच पुस्तकात दिसला पाहिजे. नाहीतर मार्चमध्ये मांडलेल्या तुटीला अर्थ उरत नाही.

हा पैसा कुठल्या लेखाशीर्षातून जातो, तेही पाहावे. २०२५च्या उन्हाळ्यात या योजनेसाठी आदिवासी विकासाच्या तरतुदीतून ३३५.७० कोटी आणि सामाजिक न्यायच्या तरतुदीतून ४१०.३० कोटी वळवले गेले. लाभार्थ्यांत आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या महिला आहेतच, शिवाय आदिवासी घटकाची एकूण तरतूद वाढवून २१,४९५ कोटी केली आहे, असा यावर सरकारचा युक्तिवाद. नियमात ते बसतही असेल. पण आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या गडकरी चौकात आहे आणि २०२५च्या पावसाळ्यात त्याच इमारतीसमोर आश्रमशाळांतल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड आंदोलन मांडले होते. सुरगाणा, पेठ, कळवणच्या पोरांना शिकवायला माणसे नेमण्यासाठी या वाढीव तरतुदीतले किती आले, हे कुठल्याच चौकटीत मला सापडले नाही.

आता सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ला पहिले अमृतस्नान. डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत सिंहस्थासाठी ३,००० कोटी आले, चांगले झाले. पण डिसेंबरात मंजूर झालेला पैसा ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर व्यपगत होतो, म्हणजे ती मंजुरी संपते. अशा वेळी काय होते, हे लेखाशाखेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे : रक्कम एखाद्या यंत्रणेच्या ठेव खात्यात वळवायची, म्हणजे हिशेबात खर्च पडतो आणि घाटावर खडीही पडलेली नसते. कॅगने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) अशा पद्धतीवर वेळोवेळी बोट ठेवले आहे. सिंहस्थाच्या बाबतीत असेच होईल असे माझे म्हणणे नाही. पण एप्रिलमध्ये कोणीतरी विचारायला हवे.

विचारणे अवघड नाही. वित्त विभागाच्या ‘बीम्स’ संकेतस्थळावर तरतूद, वितरण आणि खर्च वेगवेगळे दिसतात. येत्या मार्चमध्ये आपण ‘नाशिकला काय मिळाले?’ छापाल, तेव्हा शेजारी दोन रकाने वाढवा : गेल्या वर्षीच्या त्याच कामाला प्रत्यक्ष वितरित किती झाले आणि खर्च किती झाला. सुरुवात रामकुंड-काळाराम मंदिर परिसराच्या रामकाल पथ प्रकल्पापासून करता येईल, त्याचे १४६.१० कोटी अर्थमंत्र्यांच्या भाषणातच होते. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, हे रकाने तसेच ठेवावेत. लेखाशीर्षे शोधून द्यायला माणूस हवा असेल तर मी सकाळी अकरानंतर मोकळी असते.

आपली,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक